पाटी लावलेली सावर

बुंध्याला हळद-कुंकू दिसलं आणि गजाचा झाडू तिथंच थांबला.

सकाळी सकाळी तो ओढ्याच्या पायऱ्यांवरचा पाला काढायला आला होता. सावर भर फुलात होती. एक पान नाही, नुसतं लालभडक, आणि वर साळुंक्यांनी बाजार भरवलेला. खाली बुंध्याशी फोडलेला नारळ आणि विझलेल्या अगरबत्त्या. हळद-कुंकवाच्या बरोबर वर गजानंच सुतळीनं बांधलेली पाटी होती. 'काटेसावर. नैसर्गिक वन्य वृक्ष. पालक : हर्षला, बी ५०४.'

नारळ फुटला म्हणजे झाड होळीला ठरलं. हे गजाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो त्याच गावचा. आणि नारळ फोडणारा माणूस कोण, तेही त्याला माहीत होतं. त्याचा सख्खा चुलता, भिवाजी.

"काका, ह्याच वर्षी सुचलं का तुला?" तो झाडालाच म्हणाला आणि झाडू फेकून दिला.

गजा डिझाइनर होता. म्हणजे तो स्वतःला तसं म्हणायचा. गावात त्याला नर्सरीवाला म्हणत आणि सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस म्हणत, 'तो झाडांचा मुलगा'. बारावीनंतर कर्जतला एका नर्सरीत पिशव्या भरता भरता तो शिकला. कॉलेज-बिलेज काही नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, कुठल्या कुठल्या शहरांत लोकांना परत नदीकाठी कसं आणलं त्याचे, आणि मग पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आपला ओढा काढायचा. पळसदरी रोडला तीन टॉवर उभे राहिले, तेव्हा मागचा ओढ्याकाठचा पट्टा बिल्डरनं त्याला देऊन टाकला. तिथं काही बांधता येत नव्हतं, एवढंच कारण. गजाला वाटलं लॉटरी लागली.

त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस खिडकीतून झाड बघतो तोवर ते झाड म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. पाय चिखलात गेला, की ओढा त्याचा. म्हणून त्यानं ओढ्याच्या बाजूला भिंतच घेतली नाही. गुडघ्याएवढा दगडी बांध घातला, त्यातून पाण्यापर्यंत पायऱ्या सोडल्या. खालच्या पायऱ्या पावसात बुडतात, त्या मुद्दाम बुडणाऱ्याच ठेवल्या. गावाची जुनी पायवाट त्या पट्ट्यातून जात होती, तिला बांधात मोकळं तोंड ठेवलं. आणि काठावरच्या प्रत्येक झाडाला एकेक घर नेमून दिलं. पालक. ज्याची पाटी त्यानं झाड सांभाळायचं.

आता शहरातून आलेल्या माणसाला झाड दिलं की काय होतं ते ऐका. एकानं करंजाला दिवाळीची लाइटची माळ गुंडाळली ती काढलीच नाही. एकीनं जांभळाखाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलं, कारण खरं गवत 'अनइव्हन' होतं. ए विंगमधले माळगावकर तर दर आठवड्याला फोन करायचे. त्यांना पण सावरच आली होती, पार्किंगजवळची, जरा वाकडी.

"गजानन, पानं गळतायत रे."

"झाड आहे साहेब. गळणारच."

"मग न गळणारं दे ना बदलून."

सबनीसांना तर हे सगळं पहिल्यापासूनच पटलेलं नव्हतं. त्यांना भिंत हवी होती. वार्षिक सभेत ते उभे राहून म्हणाले होते, "ठीक आहे, ठेवा तुमची वाट. पण गावाकडून एक जरी त्रास झाला, एकच, तर ते तोंड बंद. मग मला डिझाइन सांगायचं नाही." गजानं मान डोलावली होती. गाव आपलंच आहे, गाव कशाला त्रास देतंय, असं त्याला वाटलं होतं.

आणि आता हा नारळ.

गजा तसाच गावात गेला. भिवाजी अंगणात बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. घासायचा, बोट लावून बघायचा, परत घासायचा.

"काका, ते झाड सोसायटीचं हाय."

"कंदीपासनं?"

"अरं, पाटी हाय त्याच्यावर!"

"वाचली की. लय भारी अक्षर हाय तुजं." भिवाजीनं वर पाहिलंच नाही. "आमी वाचूनच नारळ फोडला."

"दोन वर्षं जंगलातनं आणली ना होळी? मग आणा की तिकडनंच."

"तेव्हा तुमचे डंपर उभे होते वढ्यावर, म्हणून जंगलात गेलो. आता फॉरेस्टवाल्यानं सांगितलंय, पुन्यांदा आलात तर आत टाकीन. मग जायचं कुटं? आपली जागा कुटली? वढा. बापजाद्यापासनं होळी वढ्याची. आनि वाट तर तूच मोकळी ठेवली ना रं? आमाला वाटलं, पोरानं गावासाठी ठेवली."

वाट त्यानं खरंच गावासाठी ठेवली होती. पण गाव म्हणजे सकाळी म्हशी नेणारं, डोक्यावर भारा घेऊन जाणारं, सोसायटीतल्या लोकांना फोटोत छान दिसणारं गाव. कुऱ्हाड घेऊन येणारं गाव त्याच्या पुठ्ठ्यावर नव्हतंच.

"तिथं आनखी सावरी हायेत," तो म्हणाला. "दुसरी घ्या. ती नको."

"का, तिला काय सोनं लागलंय?"

"तिला एक बाई पानी घालते, काका."

भिवाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "म्हणून तर ती सरळ हाय. होळीला चांगलंच झाड लागतं. उद्या दुपारी येतो आमी. सरपंचाला सांगितलंय, त्याची हरकत नाय. तुज्या लोकांना तू सांग. तू शिकलेला हायेस."

शिकलेला! गजाला हसावं की डोकं आपटावं कळेना.

हर्षला पस्तिशीची. डोंबिवलीतलं घर सोडून एकटी इकडे राहायला आलेली, दिवसभर लॅपटॉपवर काम. सगळ्या सोसायटीत पाटीचा अर्थ जर कुणाला कळला असेल तर तिला. सुरुवातीला, सरत्या पावसाळ्यात, ती छत्री धरून झाडाला पाणी घालत होती, तेव्हा गजानंच जाऊन सांगितलं, ताई, आता राहू द्या. नंतर शिकली. सावरीवर कोण कधी येतं, ते ती त्याला सांगायची. आधी साळुंक्या, मग बुलबुल, ऊन चढलं की शिंजीर. लोकांना खाली बोलावून दाखवायची. "जंगली झाड आहे हे, कुणी लावलेलं नाही," असं अभिमानानं सांगायची. पाटीवर तसंच लिहिलं होतं ना.

गजानं तिला फोनवर सांगितलं. ती खाली आली आणि हळद-कुंकवाकडे बघत राहिली.

"म्हणजे तोडणार?"

"हो."

"आणि तुम्ही मला विचारायला आलात की कळवायला?"

"मलाच कुठं कुणी विचारलंय, ताई?"

तिनं ग्रुपवर मेसेज टाकला. तो गजानंही वाचला, कारण मेंटेनन्ससाठी त्याला त्या ग्रुपात घेतलेलं होतं. 'आपल्या सावरीला वाचवा.' तासाभरात अंगठे, हात जोडलेले, रडके चेहरे, सगळं आलं. ज्यांनी आजवर आपल्या झाडाखालची एक कुंडी हलवली नव्हती, त्यांनी पर्यावरणावर लांबलचक लिहिलं. गजा वाचत गेला आणि त्याचा पारा चढत गेला. एवढा जीव होता झाडांवर, तर जांभळाखालचं प्लॅस्टिक कोण काढणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवाजी दहा-बारा माणसं, दोर आणि कुऱ्हाडी घेऊन वाटेनं आला. बांधाच्या आत सबनीस उभे. त्यांच्या मागे पंधरा-वीस लोक मोबाईल वर धरून. मध्ये झाड. झाडाला टेकून हर्षला. आणि कुठल्या बाजूला उभं राहायचं ते न कळून बांधावर चढलेला गजा.

"इथं पाऊल टाकायचं नाही," सबनीस म्हणाले. "झाड तोडायला परवानगी लागते."

"सरपंचाला विचारलंय."

"तोंडी चालत नाही."

"तो काय, वाटेत बिडी वढतोय. बोलवू? तुमच्या तोंडावर सांगंल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सबनीसांचे कान लाल झाले. "गजानन, हेच मी म्हणत होतो. हेच! सांग त्यांना."

"काका, ऐक ना..." गजा म्हणाला.

"गज्या, तू बांदावरनं खाली उतर आदी. पडशील."

तेवढ्यात गर्दीतून माळगावकर पुढे सरसावले. हसतमुख माणूस. "अहो, भांडताय कशाला? माझं घेऊन जा ना! पार्किंगजवळची सावर. माझी काहीच हरकत नाही. उलट बरंच होईल, एप्रिलमध्ये तिचा कापूस सगळा माझ्या एसीत जाणार म्हणे. मुळासकट न्या!"

गजाला वाटलं, सुटलो! त्यानं काकाकडे पाहिलं. सबनीससुद्धा गप्प झाले. कुणाचंच काही जात नव्हतं.

भिवाजी चालत पार्किंगपर्यंत गेला. झाड बघून आला. येऊन उभा राहिला.

"नको."

"का?" गजा ओरडलाच. "सावरच हाय ना ती! जरा वाकडी हाय म्हणून काय झालं?"

"वाकडीचं नाय रं." भिवाजी माळगावकरांकडे वळला. "सायेब, रागावू नका. तुमाला ती नकोशी झालीय, म्हणून देताय. नकोसं झालेलं होळीला देत नाय आमी. देवीला काय उष्टं वाढायचं?"

"अहो, पण मी मनापासून देतोय!"

"मनापासनं टाकताय."

पुन्हा हशा. माळगावकरही हसले, पण जरा उशिरा.

गजाच्या डोक्यात मात्र तिडीक गेली. सहा महिने तो ह्या लोकांना झाडाजवळ या म्हणून विनवत होता. जे आले नाहीत ते आज झाड वाचवायला उभे होते. जो द्यायला तयार होता त्याचं गावाला नको होतं. आणि जी खरीच आली होती, तिचंच जाणार होतं. पुठ्ठ्यावर सगळं किती सरळ होतं!

"अरं, मीच लावलीय ती!" तो एकदम बोलला. "सावर! ही! मी शाळेत होतो तेव्हा. धुळवडीच्या दिवशी. काकानं खड्डा काढला आनि मी फांदी धरली."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"काय?" हर्षला म्हणाली.

आता बोलून बसलाच होता. मग त्यानं सांगून टाकलं. होळीला सावर नेली की दुसऱ्या दिवशी तिचीच फांदी ओढ्याला आणून खोचायची, ही गावाची रीत. सावर फांदीवरून लागते. ज्याच्या घरात लहान पोर असेल ते धरतं. म्हणून तर काठावरच्या सावरी अशा एका रांगेत आहेत. आपोआप उगवलेलं झाड कधी रांगेत उगवतं का?

हर्षलानं पाटी हातात धरली. "मग इथं 'नैसर्गिक वन्य' कुणी लिहिलं?"

"मीच."

"तुम्हाला माहीत असून?"

"लोकांना जंगली म्हटलं की बरं वाटतं, ताई. गावानं लावलंय म्हटलं की सबनीस साहेब विचारणार, मग गावाचा हक्क आहे का? मला वाटलं, दोन वर्षं जंगलातनं आणतायत, आता इकडे येणार नाहीत. विषय मिटला."

"मी सहा महिने लोकांना खोटं सांगत होते?" तिचा आवाज चिरकला. "पाटी लावलीत ना, मग खरं तरी लिहायचं! मला पालक केलंत आणि आई-बापांचा पत्ताच दिला नाहीत!"

गजा ऐकून घेण्याशिवाय काय करणार होता?

ती भिवाजीकडे वळली. "काका, पुढच्या वर्षी नेली तर?"

"पुढल्या वर्षाची होळी पुढल्या वर्षी, बाय. परवा पुनव हाय."

"आणि नेली, तर फांदी इथंच लावणार?"

"हितंच. ज्याचं झाड त्यानं धरायची." भिवाजी थांबला. मग जरा हळू म्हणाला, "तुज्या घरात पोर नसंल तर तू धर. आमचं काय म्हननं नाय."

हर्षलानं मान वर करून झाडाकडे पाहिलं. वर साळुंक्यांचा कालवा चालूच होता. त्यांना काय पडलंय.

"न्या," ती म्हणाली.

"हर्षला!" सबनीस किंचाळले. "हा तुमचा एकटीचा प्रश्न नाही. झाड सोसायटीचं आहे!"

"पाटीवर माझं नाव आहे. पाणी घालायला कधी सोसायटी आली होती?" आणि ती तिथून निघून गेली. जाताना गजाकडे बघितलं नाही.

सबनीस आणखी बरंच बोलले. पण कुऱ्हाडीसमोर आडवं कोण होणार? मोबाईल धरणारे हात खूप होते, एवढंच. भिवाजीनं पाटी सोडून गजाच्या हातात दिली, झाडाला हात जोडले आणि पहिला घाव घातला. पक्षी उडाले. लाल फुलं टपटप खाली पडायला लागली, पायऱ्यांवर, बांधावर, प्लॅस्टिकच्या गवतावर. झाड जमिनीला टेकू द्यायचं नसतं. माणसांनी दोर लावून ते खांद्यांवर झेललं, काटे तासले, आणि होळीच्या नावानं बोंब ठोकत वाटेनं गेले. मागे आभाळाचा एक तुकडा रिकामा राहिला. गजाला तिकडे बघवेना.

होळी पेटली. गजा गेला, पण नैवेद्याची पोळी न घेताच परतला.

धुळवडीला सकाळी गावातली माणसं फांदी घेऊन ओढ्याला आली, तर वाट नव्हती. बांधाच्या तोंडावर निळे पत्रे ठोकलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गजानं ग्रुप उघडून पाहिला. 'आपल्याला या ग्रुपमधून काढून टाकण्यात आले आहे.' मग सबनीसांचा वेगळा मेसेज. भिंतीचं काम सोमवारी सुरू होईल, झाडांच्या पाट्या काढून आणून द्याव्यात, धन्यवाद.

शेवटी धन्यवादसुद्धा. गजानं पत्र्याला अशी लाथ मारली की अंगठा ठणकला.

"कोण आहे?" आतून हर्षलाचा आवाज आला.

"मी, ताई. फांदी आणलीय. पण वाट बंद आहे."

"दिसतंय मला. आत जागा पण नाही. बुंधा काढून तिथं बेंच बसवणार म्हणे. थांबा, मी येते."

ती यायची म्हणजे टॉवरना वळसा घालून मेन गेटनं बाहेर पडायचं आणि रोडनं फिरून पुलाखाली उतरायचं. बराच वेळ झाला. आली ती तणतणतच. हातात पाण्यानं भरलेली बादली, निम्मी तिच्याच सलवारीवर सांडलेली.

"वॉचमन बादलीचा पास मागत होता! म्हणे, सोसायटीचं पाणी बाहेर न्यायला मटेरियल पास लागतो."

भिवाजीच्या बरोबरच्या बायका खो-खो हसल्या. हर्षला नाही हसली. तिनं बादली ठेवली आणि विचारलं, "कुठं लावायची?"

जागा होती ती पत्र्याच्या बाहेर, पुलाच्या उतारावर, गावाच्या हद्दीत. गजानं त्याच्या डिझाइनमध्ये ह्या तुकड्यावर एक रेघसुद्धा मारली नव्हती. नुसता दगडगोटा आणि कुणीतरी फेकलेल्या बाटल्या. भिवाजीनं पहारीनं खड्डा काढला. हर्षलानं फांदी धरली. एक काटा तिच्या तळव्यात घुसला, तिनं हात मागे घेतला, परत धरला. बायकांनी माती लोटली. कुणीतरी तिच्या गालाला गुलाल फासला, आणि ती "अहो, अहो" म्हणेपर्यंत दुसरीनं पण फासला.

गजानं पाटी आणली होती. मागची बाजू कोरी होती, खिशात मार्कर होता. "ताई, आता खरं लिहितो. काय लिहू सांगा."

"काय नको," भिवाजी म्हणाला. "पाटी लावलीस की एकाचंच होतं, बाकीचे हात काढून घेतात. चार दिस तिनं पानी घालावं, चार दिस आमी घालू."

"आणि फुटली नाही तर?" हर्षलानं विचारलं.

"तर नाय फुटली. सगळ्याच कुटं फुटतात?"

गजानं मार्कर परत खिशात टाकला. सहा महिन्यांचं काम, पुठ्ठ्यांची चळत, बुडणाऱ्या पायऱ्या, सगळं त्या निळ्या पत्र्याच्या पलीकडे राहिलं होतं, आणि सोमवारी त्याच्यावर सिमेंट पडणार होतं. इकडे हातात काय, तर एक काठी. तिला अजून मूळ नाही, पान नाही.

हर्षला रिकामी बादली घेऊन उभी होती. "रोज एवढा वळसा घालायचा का मी? तुमच्या डिझाइनमध्ये नळ आत आहे, गजादादा."

"माझ्या डिझाइनमध्ये वाट पण होती."

"मग आता काय करायचं?"

"मला काय विचारता?" तो फाटकन बोलला. मग त्यालाच कसंतरी झालं. "ओढ्याला अजून पाणी आहे. तेच घालायचं. आटलं की बघू."

तेवढ्यात वरून हाक आली. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर माळगावकर गॅलरीत उभे होते, हातात चहाचा कप. पत्र्यावरून त्यांना सगळं दिसत होतं.

"अहो! पुढच्या वर्षी माझी न्या हं! विसरू नका!"

भिवाजीनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "वर्षभर पानी घाला सायेब! द्यायला जिवावर आली, की मग हाक मारा!"

माळगावकरांनी हात हलवला. कळलं की नाही, देव जाणे.

गजानं हर्षलाच्या हातातून बादली घेतली आणि ठणकता अंगठा सांभाळत दगडांवरून खाली पाण्याकडे उतरायला लागला. तिथं पायऱ्या नव्हत्या.